पाटाची गळती

१२ मार्च

ती. आबांस सा. न. वि. वि.

आपल्या पाटाचं सिमेंटचं अस्तर मंजूर झालं. डोंगरातल्या झऱ्यापासून शेतांपर्यंत येताना निम्मं पाणी मातीत मुरतं, हे मीच मोजून दाखवलं होतं. आता थेंब गळणार नाही. साहेब म्हणाले, नोकरीच्या पहिल्या वर्षी असं काम कुणी करत नाही. काकांना सांगा, ज्या पाटाच्या कडेने मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याची थोडी उतराई होतेय. आणि काकूला म्हणावं, यंदा नासपती फस्त करायला मी येणार.

माया आहे तशीच असू द्या.
ताई

३० जुलै

चि. इंजिनीअरबाईस अ. उ. आ.

जूनपासून पाणी घोड्यासारखं धावतं. वरची शेतं हिरवीगार, लोक तुझं नाव काढतात. म्हणूनच लिहायला हात धजत नव्हता. आपल्याकडे पाऊस नेहमीच बेताचा, तरी कधी न आटलेल्या खालच्या आळीतल्या विहिरी आटत चालल्यात. काकाच्या विहिरीत दोर पुरत नाही. काकूच्या नासपतीच्या झाडाची पानं आताच पिवळी पडली. तुला काही कळवायचं नाही अशी तिची ताकीद आहे, तेव्हा मी काही लिहिलेलं नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस, एवढंच मागणं.
आबा

६ ऑगस्ट

ती. आबांस सा. न.

मोजणीची वही पुन्हा काढली. मी गळती म्हणून जे लिहिलं, तेच पाणी मुरून खालच्या विहिरींत जात होतं. मी पाट मोजला, विहिरी मोजल्याच नाहीत. पणजोबांनी घरं तिथेच का बांधली, हे तुम्हाला विचारायचंही सुचलं नाही. साहेब म्हणतात, झालेलं काम फोडता येणार नाही. काकांना म्हणावं, आळीच्या वरच्या वळणावर पहार घालून अस्तर फोडा, जबाबदारी माझी. बावीस तारखेला येते.

रागावलात तरी दूर लोटू नका.
ताई

१३ ऑगस्ट

चि. ताईस अ. उ. आ.

तुझं पत्र आलं, त्याच्या दोन दिवस आधी काका-काकू तिच्या भावाकडे कायमचे राहायला गेले. घराच्या दाराची फळीही सोबत नेली.

ते दोघं जाण्याआधीच आळीतले लोक पहारी घेऊन निघाले होते. काका दिवसभर पाटात पाय सोडून त्या वळणावर बसून राहिला. म्हणाला, आमच्या पोरीच्या हातचं पहिलं काम आहे, याला कुणी हात लावायचा नाही.

काकूने तुझ्यासाठी चार नासपती ठेवल्यात, सुपारीएवढ्या.

बावीसला ये. पहार मी दाराशी काढून ठेवली आहे. पण घाव तूच घाल, माझ्याने हात उचलवत नाही.

वाट पाहणारा,
आबा