चौदा नंबरची जर्सी

मेलबर्न,
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय क्लॅरी,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने घालतोस, म्हणून हे पत्र. फुटबॉलच्या नव्या पोरांच्या यंदाच्या निवडीत आपल्या क्लबने तुमच्या टारवूनाचा पोरगा उचलला. रोरी हॅनाफिन, वय अठरा, मधल्या फळीतला. अख्ख्या देशातल्या पोरांत अकरावा. तुला हे माझ्याआधी कळलं असणारच, आणि गावात चार दिवस कापणीकडे कोणी फिरकलं नसणार.

इथे सरावाच्या मैदानाच्या कुंपणाशी आमची मंडळी त्याला बघून आली. व्हाल टर्नबुलचं म्हणणं, खांदे अरुंद आहेत पण डोकं थंड आहे, याला तीन वर्षं द्यावीत. व्हालने आजवर कुणाला तीन वर्षं दिलेली नाहीत. नवऱ्यालाही एवढी दिली नव्हती.

आणि ऐक, त्याला चौदा नंबर दिलाय. आपल्या डेसचा. मी काल वृद्धाश्रमात जाऊन डेसला सांगितलं. तो छान हसला आणि आई आली का म्हणून विचारलं. एकशे बारा सामने खेळला आपला भाऊ. त्यांतल्या कितींत शेवटपर्यंत शुद्धीवर होता, देव जाणे. डोक्याला मार लागला की तोंडावरून ओला स्पंज फिरवायचा आणि पुन्हा आत ढकलायचं, असा तो काळ. आता तो मला कधी आई समजतो, कधी नर्स.

माझ्या जुन्या कोटाच्या पाठीवरचा चौदा उसवला होता. काल पुन्हा शिवायला घेतला. या वयात सुईत दोरा ओवताना माझ्या नाकी नऊ आले, पण शिवला. पोरगा कसा आहे ते तू सविस्तर लिही. इथल्या वर्तमानपत्रांपेक्षा तुझ्या डोळ्यांवर माझा जास्त भरवसा.

तब्येत सांभाळ, आणि बहिणीवर आहे तेवढी माया राहू दे.
तुझी,
नोरीन


टारवूना,
८ डिसेंबर २०२४

प्रिय नोरीन हिस,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. बेकरीत मोठ्याने वाचून दाखवलं. रोरीची आई टॅनिया तिथेच काम करते. ती रडली आणि मला दोन बन फुकट दिले. हल्ली बनवर तुमच्या क्लबच्या रंगांचं, मरून-पांढरं आयसिंग असतं. गावाच्या वेशीवरच्या पाटीवर त्याचं नाव रंगवायचंही ठरलंय.

पोरगा कसा आहे विचारतेस. दोन्ही पायांनी मारतो. नुसता चेंडू जाताना बघून पाय डावा की उजवा ते तुला सांगता येणार नाही. घोळक्यात सगळ्यांत खाली वाकतो तो, आणि वर येतो तेव्हा चेंडू कुणाला द्यायचा हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. हे शिकवून येत नाही. भित्रेपणाचा तर लवलेश नाही. व्हालला सांग, खांदे दोन हिवाळ्यांत भरतील.

तो नऊ वर्षांचा असल्यापासून त्याच्या घोट्याला पट्टी मी बांधतोय. गावाच्या क्लबात पाण्याच्या बाटल्या, बर्फ, पट्ट्या आणि दुखापतींची वही, ही चारही खाती तीस वर्षं माझ्याकडे आहेत, हे तुला माहीत आहेच. या गावातून आजवर दोघेच मेलबर्नच्या मोठ्या क्लबात गेले. डेस गेला तेव्हा मी बाबांबरोबर मेंढ्या कातरत होतो आणि घरी पाहुणे यायचे ते फक्त डेसबद्दल विचारायला. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. हा दुसरा मात्र माझ्या हाताखालून गेलाय. म्हातारपणी एवढा गर्व मला चालेल.

डेसला माझा नमस्कार सांग, समजला तर समजला. तुझ्या मायेवर हक्क आहे असं समजणारा,
क्लॅरी


मेलबर्न,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय क्लॅरी,
सा. न. वि. वि.

वाईट वाटून घेऊ नकोस, पण कुंपणाची मंडळी तुझ्या पोरावर बिघडली आहेत. व्हालने त्याचं नाव कपबशी ठेवलंय. तो चेंडूवर जायला लागला की कुंपणावरून कपबशी, जपून, म्हणून ओरडतात आणि हसतात. कारण असं की तो धावत येतो छान, वाकतोही, पण ऐन वेळी डोकं मागे घेतो. पुढ्यातून चेंडू दुसराच घेऊन जातो. व्हाल म्हणते तीन वर्षं रद्द.

तू लिहिलं होतंस की भित्रेपणाचा लवलेश नाही. मग हा कोण आलाय आमच्याकडे?

खरं सांगायचं तर मीही बोलले. गुरुवारी तो कुंपणाजवळ पाणी प्यायला आला तेव्हा मी म्हटलं की बाळा, ज्याचा नंबर घातलायस त्याने आयुष्यात कधी डोकं मागे घेतलं नाही. सगळे टाळ्या पिटायला लागले. पोरगा माझ्याकडे बघत राहिला, ओशाळून हसला आणि सॉरी म्हणाला. तेव्हापासून मला माझीच लाज वाटतेय.

आणखी एक. ढगाळ सकाळीसुद्धा तो टोपी डोळ्यांवर ओढून उभा असतो. त्याला तिकडे काही लागलं होतं का? तुझ्या वहीत काय आहे?

उत्तर लवकर पाठव. माया कमी होऊ देऊ नकोस.
नोरीन


टारवूना,
२४ फेब्रुवारी २०२५

नोरीन हिस,
अ. आ.

वहीत काय आहे विचारतेस. मांडीला मार, ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा. समाधान झालं?

पोराला घर सुटून तीन महिने झालेत, आणि तिकडे सत्तरी उलटलेल्या बायका थर्मास घेऊन त्याला टोमणे मारायला उभ्या असतात. त्याने डोकं मागे घेतलं तर नवल काय. तुमच्या कुंपणाने चांगले चांगले खेळाडू नासवलेत. हे व्हाललाही वाचून दाखव.

इथे पाटी रंगवून झाली. फोटो सोबत पाठवतोय.
क्लॅरी


मेलबर्न,
३ मार्च २०२५

प्रिय क्लॅरी,
सा. न. वि. वि.

फोटो मिळाला. टोमणाही मिळाला, आणि तो मला पोचायलाच हवा होता.

रोरीचा पहिला सामना २२ तारखेला, शनिवारी. पहिल्या सामन्याची जर्सी त्या नंबरच्या जुन्या खेळाडूने हातात द्यायची, ही आपल्या क्लबची रीत. डेसला ते जमणार नाही म्हणून क्लबने मला बोलावलंय. गुरुवारी, २० तारखेला, सगळ्या संघासमोर मी ती द्यायची. पन्नास वर्षं कुंपणाच्या बाहेर उभी आहे मी. आतून बोलावणं कधी आलं नव्हतं.

पण मांडीला मार लागलेला मुलगा हात मांडीवर ठेवतो, क्लॅरी, डोळ्यावर नाही. मी त्याला दोनदा पाहिलं, एक डोळा तळहाताने झाकून उभा होता. डेस शेवटच्या वर्षी जेवणाच्या टेबलाशी असाच बसायचा. तेव्हा मला वाटायचं, नाटकं करतोय, कौतुक कमी पडलं असेल.

तुला आईची शपथ घालते. खरं काय ते लिही.
तुझी,
नोरीन


टारवूना,
१२ मार्च २०२५

प्रिय नोरीन हिस,
अ. आ. वि. वि.

शपथ घालायला नको होतीस. आता घातलीस तर ऐक.

ऑगस्टमध्ये कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. मी धावत गेलो तेव्हा डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत तो नव्हता. मी तीन बोटं धरली. तो म्हणाला चार. नियम तुलाही ठाऊक आहे, डोक्याला असा मार लागला की एकवीस दिवस मैदानाबाहेर. आणि पंधरा दिवसांनी उपांत्य सामना होता, त्याला बघायला मेलबर्नहून तीन क्लबांची माणसं यायची होती. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, क्लॅरी, लिहू नका ना. मी वहीत मांडीला मार लिहिलं. उपांत्य सामन्यात पुन्हा लागलं. या वेळी त्याने सांगायच्या आतच मी मांडीला मार लिहून टाकलं.

कुणी मला भाग पाडलं नाही. टॅनियालाही माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती पाटी होती. डेसचं काय झालं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण डेस तुझ्याजवळ असतो, माझ्याजवळ नाही. मी वर्षातून एकदा येतो, अर्धा तास बसतो आणि गाडीत येऊन म्हणतो, वय झालं बिचाऱ्याचं.

एवढंच मागतो की क्लबला सांगू नकोस. पोराचा पहिला सामना होऊ दे. पुढचं पुढे बघू. उन्हाळाभर विश्रांती मिळालीये, मेंदू भरून आला असेल. मी शनिवारी येत नाही. तुझ्या तोंडाकडे बघवणार नाही.

माया ठेव म्हणायला तोंड नाही, तरी लिहितो.
क्लॅरी


मेलबर्न,
२६ मार्च २०२५

क्लॅरी,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

सामना तू टीव्हीवर पाहिला असशील. दुसऱ्या सत्रात चेंडू मोकळा पडला आणि तो धावत गेला. या वेळी त्याने डोकं मागे घेतलं नाही. खांदा लागला. फार जोराचाही नव्हता, व्हाल म्हणाली की असे दहा लागतात एका सामन्यात. तो उठला आणि समोरच्या संघाच्या बाकाकडे चालत गेला. तिथे नीट बसला आणि पाणी मागितलं. त्यांच्याच एका पोराने हाताला धरून त्याला आमच्याकडे आणलं. कुंपणावर कोणी हसलं नाही.

अजून त्याला उजेड सहन होत नाही. टॅनिया आली आहे, माझ्याकडेच उतरली आहे. आज सकाळी त्याने तिला तीनदा विचारलं की सामना कधी आहे. या वर्षी तो खेळणार नाही. पुढचं कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना कळलंय. टॅनिया मला म्हणाली, बरं झालं क्लॅरीसारखा जपणारा माणूस त्याला गावात मिळाला. मी चहा ओतत होते. ओतत राहिले.

सोमवारी मी तुझं पत्र क्लबच्या डॉक्टरीणबाईंना नेऊन दिलं. तुझ्या गावच्या क्लबला नोटीस येईल, तुला ती वही घेऊन मेलबर्नला बोलावतील. ये. टॅनियाला तू स्वतः सांगायचं, मी सांगणार नाही.

आता माझं ऐक, कारण तू मनात म्हणशील की नोरीन शहाणी, तिने सरळ जाऊन सांगितलं.

तुझं पत्र मला मंगळवारी मिळालं. गेल्या मंगळवारी, अठरा तारखेला. मी ते चारदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं. बुधवारी क्लबचा नंबर फिरवला आणि घंटा वाजायच्या आत खाली ठेवला. गुरुवारी केस सेट करून घेतले. त्या खोलीत सगळा संघ उभा होता, मी डेसचं नाव घेतलं आणि जर्सी रोरीच्या हातात दिली. त्याने वाकून माझ्या गालाचा पापा घेतला आणि म्हणाला की नोरीन, आता मी डोकं मागे घेणार नाही. फोटो काढला. फोटोत माझ्या खांद्याला पर्स आहे. पर्समध्ये तुझं पत्र आहे.

मला ते हवं होतं, क्लॅरी. पन्नास वर्षांत एकदा आत बोलावलं होतं. मी म्हटलं, एकच सामना, मग सोमवारी सांगू.

डॉक्टरीणबाई पोरसवदाच आहेत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, हे शुक्रवारपर्यंत कळलं असतं तरी आम्ही त्याला मैदानात उतरवलं नसतं. वही पुढे ओढून त्यांनी मला विचारलं, पत्र कधी आलं. पाकिटावर टपालाचा शिक्का होता, पण पाकीट मी रविवारीच फाडून टाकलं होतं.

मी म्हटलं, आज सकाळी. त्यांनी तसं लिहून घेतलं.

कोटावरचा चौदा उसवून ठेवलाय. डेसला भेटून आले, त्याने मला आज नर्स समजलं आणि माझे आभार मानले.

एकमेकांची माया आपल्याला आता पुरवून वापरावी लागेल. दुसरं कोण करणार?

तुझी बहीण,
नोरीन