पोत्यातला युरिया

बाबा, गेल्या महिन्यात एका टेम्पोच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आतून कडुनिंबाचा वास आला. डिझेलच्या टाकीचं नाही, तिच्या शेजारी एक छोटी निळ्या झाकणाची टाकी असते, तिचं. तुमच्या वेळी अशी टाकी नव्हती, त्यामुळे आधी तीच तुम्हाला समजावून द्यावी लागेल. तुम्ही गेल्यापासून गाड्या इतक्या बदलल्या आहेत की आज बॉनेट उघडून दिलं तर तुम्ही पहिलं हेच विचाराल, "पंप कुठं गेला?" आणि मला ते तुमच्या आवाजात ऐकायला फार आवडेल. पण तो वास मी ओळखला तो तुमच्यासारखाच, नाक पुढं करून, डोळे मिटून. क्षणभर मला माझाच अभिमान वाटला. दुसऱ्या क्षणी कळलं की वास कशाचा आहे आणि तो तिथं कोणामुळे आला आहे, आणि झाकण माझ्या हातातच राहिलं.

बोरी अरबच्या रस्त्यावरचं आपलं टिनाचं शेड अजून आहे. अर्ध्या भागात मी गाड्या दुरुस्त करते आणि अर्ध्या भागात पीयूसीचं केंद्र चालवते. म्हणजे ज्या धूर मोजणाऱ्यांच्या नावानं तुम्ही जन्मभर दातओठ खाल्ले, त्यांच्यातली एक आता तुमची मुलगी आहे. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ड्रायव्हरला रेस करायला सांगायचं, मशीनवर आकडा येतो, कागद छापून निघतो. तुम्ही सायलेन्सरच्या मागं पांढरा रुमाल धरायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल कच्चंच बाहेर पडतंय. मग रुमाल नाकाशी न्यायचा, मान हलवायची आणि मगच पाना उचलायचा. आई ते रुमाल वेगळ्या बादलीत धुवायची आणि तरी ते कधी पुन्हा पांढरे झाले नाहीत.

आणि तुमचा तो पाव आटा. इंजिनच्या डिझेल पंपावरच्या एका पेचाला अर्ध्याचाही अर्धा फेरा दिला की डिझेल कमी-जास्त होतं. धूर तपासणारी गाडी बसस्टँडजवळ येऊन उभी राहिली की आपल्या शेडसमोर रांग लागायची. "मिस्त्री, पाव आटा ढिला करून द्या." तुम्ही करायचे, गाडी तपासणीत पास व्हायची, आणि तासाभरानं तीच गाडी परत येऊन पाव आटा पुन्हा कसून घ्यायची, कारण भरल्या कापसाची गाडी त्याशिवाय चढ चढत नसे. तुमच्या दोस्ताची, म्हणजे आपल्या काकांची मेटॅडोर तर दर खेपेला असायची. तुमच्या मांडीला मांडी लावून बसणारा हा माणूस, त्या मेटॅडोरला स्वतःच्या बैलापेक्षा जास्त जपायचा.

आयटीआयची परीक्षा देऊन मी नुकतीच घरी आले होते. डिझेल मेकॅनिकच्या वर्गात एकटी मुलगी, त्यामुळे अंगात जरा जास्तच वारं शिरलेलं. काका पास झाल्याचा कागद दाखवत शेडमध्ये आले आणि मी चारचौघांत म्हणाले, "काका, हा कागद खोटा आहे." तुम्ही तिथं पेच कसून दिला, हात पुसले. बोललात ते घरी, स्वयंपाकघरात, आई चुलीपाशी भाकरी करत असताना. आपण दोघं ताटावर बसलो आहोत, आणि तुम्ही ताट पुढं सरकवता आणि विचारता, "काहून वं, बापाले गिऱ्हाइकासमोर खोटा म्हनतं?"

"खोटंच होतं ना ते, बाबा."

"कायचं खोटं? मी त्याले सांगून फिरवला. पेच ढिला केला, धूर कमी होईन, पन चढावर गाडी दम सोडन. कसून देल्ला, गाडी चढन, पन धूर फेकन. दोन्ही गोष्टी त्याच्या तोंडावर सांगतल्या. लपवलं काय मी? धूर मोजनारा एक डाव भरल्या गाडीत बसून चढ चढून पायन काय? अन् तुह्या मायच्या ह्या चुलीचा धूर कोन मोजून राह्यलं, सांग."

आईनं फुंकणी खाली ठेवली. "माह्या चुलीले मधात नोका घेऊ तुमी दोघं," ती म्हणाली आणि डोळे पुसले, ते धुरानंच.

त्या दिवशी मी जेवले नाही. चार दिवसांनी तुम्ही माझ्या हातात तुमचा लाल मुठीचा पेचकस ठेवला, ज्यानं तो पेच फिरवायचा तोच. मूठ तुमच्या अंगठ्याच्या जागी झिजलेली. "घे. पेच फिरवजो का नोको फिरवजो, तुह्यं तू पाय. पन जे करशीन ते सांगून करजो." मला तेव्हा ते बक्षीस वाटलं नाही, टोमणा वाटला. राग जायला बरेच दिवस लागले.

मग तुमचा खोकला सुरू झाला. बिडी तुम्ही कधी ओढली नाही, आणि यवतमाळचे डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, बिडी ओढता का. धुरानंच झालं असं त्यांनी ठामपणे सांगितलं नाही, नाही असंही म्हणाले नाहीत. मीही खात्रीनं सांगू शकत नाही. पण खरं सांगते, पीयूसीचं केंद्र मी नियमांच्या प्रेमापोटी काढलं नाही. त्या खोकल्याच्या रागापोटी काढलं. पहिल्या वर्षी मी गाड्या अशा नापास करायची की लोक दारव्ह्याला जाऊन कागद काढून आणायचे.

आता त्या निळ्या झाकणाचं सांगते. नवे नियम आले, बीएस-सहा म्हणतात त्यांना, आणि गाडीत पेच उरला नाही. किती डिझेल द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. काजळी धरायला सायलेन्सरच्या रस्त्यात एक जाळी असते. ती मोठ्या रस्त्यावर गाडी तापून धावली की आपोआप साफ होते, पण आपली गाडी शेतातून गावात आणि गावातून बाजारात, ती कधी तेवढी तापतच नाही, मग जाळी तुंबते. नियम लिहिणाऱ्यांसमोर हायवे असणार, शेताची पांदण नसणार. इथं तुमचं चढाचं बोलणं मला पटतं. आणि त्यापुढं, धुरात एक वायू असतो, डोळ्यांना न दिसणारा, छातीला वाईट. तो मारायला निळ्या टाकीतलं पाणी सायलेन्सरच्या नळीत फवारलं जातं. शुद्ध पाण्यात शुद्ध युरिया. पेट्रोल पंपावर त्याचे डबे मिळतात. कागदोपत्री त्याला मोठं नाव आहे, पण ड्रायव्हर, मिस्त्री, पंपवाले, सगळे त्याला नुसता युरिया म्हणतात.

डिझेलच नको असं म्हणणारेही आहेत, आणि मी त्यांचं ऐकून घेते. यवतमाळात बॅटरीच्या रिक्षा फिरतात, धूर नाही, आवाज नाही, मला आवडतात. पण त्यांची वीज कोळशाची, आणि कोळसा आपल्याच जिल्ह्यात वणीकडं खणतात. तिथल्या घरांच्या पत्र्यांवर बसणारी धूळ कोणत्या रिक्षाच्या हिशेबात धरायची ते मला अजून कळलेलं नाही. सीएनजी चांगला, पण भरायला जाण्यात अर्धा दिवस जातो. आणि डिझेलऐवजी झाडाचं तेल म्हटलं की मला तुम्हीच दिसता, शेडमधल्या इंजिनात करंजाचं तेल ओतून कान लावून बसलेले. गल्लीभर वास सुटला आणि शेजारची मावशी विचारायला आली, "काय तळून राह्यले जी मिस्त्री?" दोन महिने इंजिन छान चाललं. थंडी पडली तसं तेल घट्ट झालं, नोझल जाम, आणि तुम्ही शिव्या देत ते खोलत बसला होतात. तरी तुम्ही म्हणालात, चुकलं नाही, अर्धवट राहिलं. हे बोलणं मी गिऱ्हाइकांना माझंच म्हणून ऐकवते.

तर काकांनी मेटॅडोर विकून नवा टेम्पो घेतला. वेचणी ऐन भरात आलेली, रोज कापसाच्या खेपा. एका सकाळी मी एका जीपच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून उभी आहे, रेसचा आवाज कानात, आणि काकांचा फोन येतो. "बाई, लाल दिवा लागून राह्यला गाडीत. काय करू?" मी ओरडून म्हणते, "काका, युरिया संपला असंल. युरिया टाका." ते विचारतात, "किती टाकू?" मी म्हणते, "टाकी भरून टाका," आणि फोन ठेवते.

बाबा, आपल्याकडं युरिया म्हटलं की कोणाच्या डोळ्यांसमोर काय येतं? काकांच्या घरच्या सपरीत खताचं पोतं उभंच होतं. त्यांनी बादलीभर विहिरीच्या पाण्यात तो विरघळवला, कचरा जाऊ नये म्हणून धोतराच्या फडक्यानं गाळून घेतला, आणि नरसाळं लावून निळ्या टाकीत ओतला. इतक्या काळजीनं केलं त्यांनी ते. शेतीच्या युरियाला कडुनिंबाचं तेल चोळलेलं असतं. तोच वास.

दुसऱ्या दिवशी गाडी धापा टाकायला लागली, तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून आपल्या शेडमध्ये आणली. माणसं जमली. मी झाकण उघडलं, वास घेतला, आणि काकांनी आपणहून सांगितलं काय ओतलं ते. मग जे हसणं सुरू झालं! एक म्हणाला, "काका, युरिया देल्ला, आता डवरून बी घ्या टेम्पो." दुसरा म्हणाला, "येत्या पोळ्याले चार टेम्पो होतील पाय." काका त्यांच्यात हसत राहिले. "माह्यंच डोस्कं चाललं नाई," एवढंच म्हणाले. मी तिथंच उभी होते. माझ्या हातात झाकण होतं. फोनवर "टाकी भरून टाका" म्हणणारी मीच होते, हे मी सांगितलं नाही.

गर्दी पांगल्यावर काका जवळ आले. "तुह्या बापाच्या पाव आट्यासारखं काई तरी जमवून दे बाई. सीझन निघून जाईन." तसं जमतं, बाबा. एक डबी मिळते, ती जोडली की कॉम्प्युटरला वाटतं सगळं आलबेल आहे, फवारा बंद, गाडी जोरात. आणि माझं मशीन फक्त धूर मोजतं, तो न दिसणारा वायू नाही. मीच डबी बसवली असती, मीच तपासली असती, मीच पास केली असती. तुमचा रुमालसुद्धा पांढराच राहिला असता. तुमच्या पाव आट्याचा धूर निदान सगळ्या गावाला दिसत होता. ह्याचा कोणालाच दिसला नसता, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी नाही म्हणाले.

तीन दिवस मी ती टाकी धूत होते. आईच्या मोठ्या गंजात, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी कोमट करायचं, टाकीत फिरवायचं, ओतून द्यायचं, पुन्हा. नळ्यांमध्ये साखरेसारखे खडे धरलेले. एक नोझल गेलंच होतं, ते बदललं. काका दगडावर बसून पाहत असायचे. रोज कोणा ना कोणा कापूसवाल्याचा त्यांना फोन यायचा, की दुसरी गाडी लावली, तुम्ही नका येऊ आता. चौथ्या दिवशी दारव्ह्यापर्यंत गाडी पळवून आणली, तेव्हा दिवा विझला. मी मजुरी घेतली नाही. काका म्हणाले, "अगदी बापावर गेली तू." मला ते ऐकवेना.

त्यानंतर मी शेडवर पाटी लावली: गाडीचा युरिया डब्यातला, पोत्यातला नाही. सगळ्यांना ती काकांवरची पाटी वाटते. गावात त्यांना आता युरियावाले काका म्हणतात. ज्या माणसानं इतकी वर्षं गाडीला खरचटू दिलं नाही, त्यानं चहाच्या टपरीवर बसणं सोडलं आहे. समोरून जातात, पण थांबत नाहीत.

आज सकाळी ते पीयूसीसाठी आले. बाकावर दोघं जण नंबर लावून बसलेले. काका पाटीसमोर उभे राहिले, बोट फिरवत सगळी वाचली. मी कागद छापत होते, तेव्हा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पाटी मस्त लिवली बाई. पन फोनवर बी असंच सांगत जाय."

आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. त्यांना पहिल्यापासून आठवत होतं. मिस्त्रीची पोरगी, तिचं दुकान, तिचं नाव, म्हणून सगळं हसणं त्यांनी एकट्यानं अंगावर घेतलं होतं. बाकावरचे दोघं ऐकत होते. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं की काका, चूक माझी होती. मी म्हणाले, "काका, चहा घेता?" ते म्हणाले, "घेतो ना."

हा कागद मी तुमच्या पेचकसाजवळ खणात ठेवते आहे. जे करशीन ते सांगून करजो, म्हणाला होतात. तुम्हाला सांगून झालं, बाबा. टपरीवर अजून सांगितलेलं नाही.