चिंगीला सांगून निघा

अहो,

आज माझी सकाळची पहिली शिफ्ट आहे, कारखान्याची बस चुकली तर शिलाईची मशीन दुसरीला मिळेल. दूध तापवलंय, चिंगीचा डबा भरलाय. पण आधी हे वाचा.

काल बाईंनी मला शाळेच्या फाटकाशी थांबवलं. म्हणाल्या, "आता रडत नाही हो, पण दप्तर पाठीवरून उतरवतच नाही. डबासुद्धा तशीच खाते."

संध्याकाळी कुशीत घेऊन विचारलं, तर म्हणते कशी, "तुम्ही गुपचूप जाता ना! मला मागे पळायला तयार राहावं लागतं."

'ते बघ मासे' म्हणत तिला शाळेतल्या काचपेटीशी उभं करायचं आणि तिची पाठ वळली की सटकायचं, ही अक्कल आपल्या दोघांचीच. वर रडणं थांबलं म्हणून खूशही झालो.

आज तसं करू नका. तिच्यासमोर खाली बसा आणि सांगा, "मी निघतो, शाळा सुटली की आई येईल." रडली तर रडू द्या. उशीर झाला म्हणून साहेब बोलतील, तर ऐकून घ्या. घरी सवय आहेच.

एवढं लिहून चपला घातल्या आणि मनात आलं, मी तरी काय करते? पहिली शिफ्ट असली की ती झोपेत असतानाच निघते. आता आत जाऊन तिला उठवते, सांगून जाते. तुम्ही हे वाचाल तेव्हा ती रडत असेल. तिला गप्प करू नका, नुसतं जवळ घ्या.