दप्तरातला कॅमेरा

२ मे २०१९, गुरुवार

विमानात बसायचंय! मला!

सकाळी राधाकिशन स्टुडिओत आला. हा म्हणजे सुंदरराव साहेबांचा उजवा हात. साहेब कारखान्याचे चेअरमन, चारा छावणीही त्यांच्याच संस्थेची. आत आल्या आल्या त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. मला वाटलं, काय भानगड आहे.

साहेबांच्या मुलीचं लग्न. केरळात, पाण्याकाठच्या हॉटेलात. "इथं मांडव घातला तर पेपरवाले टपूनच बसलेत. जनावरं छावणीत अन् साहेबाच्या दारात वाजंत्री, असं छापतील. म्हणून तिकडं. फोटोला तू. पण गावात एक शब्द काढायचा न्हाई."

मी हो म्हणालो. लगेच! या दुष्काळाच्या साली चौसाळ्यात लग्नं झालीच कुठं. झाली ती देवळात, मामाच्या मोबाइलवर फोटो काढून. महिनाभर शटर उघडतोय आणि धूळ झटकून बंद करतोय.

तो गेल्यावर आठवलं — आई त्याच छावणीत आहे. गाय आणि बैलजोडी घेऊन ताडपत्रीखाली. शिवरात्रीपासून.

३ मे

तिकीट मोबाइलवर आलं. खाली बारीक अक्षरात — हातातली बॅग सात किलो. जास्त नाही.

दिवसभर व्हिडिओ बघितले. कॅमेरा खालच्या सामानात द्यायचा नाही, आपटतात. बॅटऱ्या तर खाली चालतच नाहीत. म्हणजे सगळं हातातच न्यायचं. दोन कॅमेरे, तीन लेन्सा, फ्लॅश, चार्जर. आणि लग्नात कॅमेरे न्यायची माझी पेटी! दहा वर्षं मिरवली. कोपऱ्याला पत्रा, आत लाल मखमल. किराणा दुकानात नेऊन तराजूवर ठेवली. रिकामीच पाच किलो भरली.

पंडित दुकानदार म्हणाला, "भंगारात देतो का बे?"

"तसंच समज."

खोटं बोलायला सुरुवात झाली.

४ मे

बीडला जाऊन आलो. बॅगांच्या दुकानात तासभर मोडला. चाकाची बॅग दिसायला साहेबी, पण चाकं आणि ओढायची दांडी यांतच निम्मं वजन जातं. कॅमेऱ्याची खास पाठीवरची बघितली. आत कप्पेच कप्पे, हात फिरवत बसावंसं वाटलं. पण उभी लावली तर विमानाच्या मापापेक्षा वीतभर उंच. तिसरी बुटकी. तिच्यात लांब लेन्स आडवीही बसेना.

दुकानदार कंटाळला. "चाललाय कुठं?"

"पुण्याला."

"मंग किलो कशापायी मोजता? यष्टीत कोण तोलतंय?"

काय सांगणार. रिकाम्या हातानं परत आलो. बसमध्ये खिडकीतून बघत होतो, लिंबागणेशच्या फाट्यावर टँकरमागं बायका पळत होत्या. गेल्या आठवड्यात उतरून फोटो काढला असता. आज मान वळवली.

६ मे

आज वाईट काम केलं.

लांब लेन्स माझी एकट्याची नाही. शहादेव, तात्याबा, पलीकडच्या गावचा एक जण आणि मी, अशी आम्ही चौघा फोटोवाल्यांनी मिळून घेतलेली. ज्याला काम असेल त्यानं न्यायची. तात्याबा तिला सहकारी लेन्स म्हणतो. सध्या शहादेवकडं होती. तो छावण्यांचे फोटो काढून पेपरला पाठवतो, त्याचे कुणी काही देत नाही.

मी म्हणालो, "आत बुरशी धरलीय वाटतं. पुण्याला सर्व्हिसिंगला नेतो."

त्यानं उजेडात धरून बघितलं. "मला तर काय दिसंना."

"बारीक हाय."

"ने मग. तुला जास्त कळतं."

विश्वासानं दिली! फडक्यात गुंडाळून. वर म्हणतो, "मला घाई न्हाई, नीट करून आण."

७ मे

बॅग सापडली. पोरीचं दप्तर!

पल्लवी आठवीतून नववीत गेली. दप्तर सुट्टीत खुंटीला लटकलेलं होतं. हातात घेतलं — फुलासारखं हलकं. उंची बरोबर, रुंदी बरोबर. बायकोनं, केसरनं, जुन्या गादीतला फोम कापला, जाड दोऱ्यानं कप्पे शिवले. सगळं बसलं. पंडितच्या तराजूवर सात किलोला काटा जेमतेम टेकला.

फक्त रंग. जांभळा. वर चमकीचं फुलपाखरू, आणि पट्ट्यावर मार्करनं लिहिलेलं — कु. पल्लवी, आठवी ब. नाव घासून काढायला गेलो तर पोरगी म्हणाली, "राहू द्या पप्पा, हरवलं तर सापडंल."

केसरला खरं सांगितलंय. पोरीला पुणे. केसर शिवता शिवता म्हणाली, "आत्याबाईंना तरी सांगा." माझ्या आईला ती आत्याबाई म्हणते.

"आल्यावर सांगतो."

"आल्यावर कशाला सांगायचं मग?"

९ मे

छावणीत जाऊन आईला भेटलो. शेजारच्या ताडपत्रीतल्या चंद्रभागाबाईही होत्या. दोघी गायीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसल्या होत्या. आई वाळलीय. म्हणाली, "पुण्याला चाललास तर पोटभर पाणी पी. अन् डोक्याला बांधत जा."

पाया पडलो. वर बघवलं नाही.

११ मे

पुणे विमानतळ. आयुष्यात एवढं ओशाळलो नव्हतो.

साहेबांचे सगळे पाहुणे. एकसारख्या नव्या बॅगा, साहेबांनीच वाटलेल्या. मी त्यांच्यामागं, पाठीवर फुलपाखरू. गंमत म्हणजे साहेबांच्या मेव्हण्याची बॅग काउंटरवर तोलली, जास्त भरली, वाद झाला. माझ्या दप्तराकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

पण पुढं तपासणी. दप्तर मशिनीतून गेलं आणि थांबलं. जवानानं बाजूला घेतलं. "कैंची है? नुकीला कुछ?" मी म्हणालो नाही साहेब, कॅमेरा आहे. त्यानं एकेक वस्तू ट्रेमध्ये काढायला लावली. कॅमेरे, लेन्सा, फोम. मागं रांग तुंबली. मग आतल्या चोरकप्प्यातून त्यानं काय काढलं — कर्कटक! पल्लवीचं. भूमितीचं. त्याच्या मागोमाग चिंचेचे चिंचोके आणि एक खोडरबर.

पाहुणे खो खो हसले. एक बाई म्हणाली, "फोटोग्राफर आठवीत शिकतो का काय!" साहेबही हसले. मीही हसलो. त्यांच्याबरोबर, त्यांच्याएवढ्या मोठ्यानं. कर्कटक टोपलीत गेलं.

विमानात खिडकी मिळाली. ढग बघितले. पल्लवीला सांगण्यासारखं होतं सगळं. सांगता येणार नाही.

१२ मे, कोची

पाणी! जिकडं बघावं तिकडं. खोलीच्या पायरीपर्यंत येऊन डुलतंय. हळद नावेत. दुसऱ्या नावेत सनईवाले. मी तिसऱ्या नावेतून उभा राहून फोटो घेतले. लांब लेन्स नसती तर नवरीचं तोंड मिळालंच नसतं. फोटो देखणे आलेत. खोटं कशाला लिहू, फोटो काढताना सगळं विसरलो.

दुपारी केसरचा फोन. छावणीत कालपासून चारा नाही. गाड्या आल्या होत्या, पण मॅनेजर उतरवून घेईना. साहेबांची सही नाही आणि साहेबांचा फोन बंद. साहेब कुठं आहेत कुणालाच माहीत नाही. बैल दावण चावताहेत म्हणे. मग आई फोनवर आली. तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून ओरडून बोलते. "सिदू, तू शहरात हाईस. तिथं कुण्या मोठ्या मानसाला सांग की रं!"

मोठा माणूस माझ्यापासून एका उडीवर होता. पिवळ्या झब्ब्यात, नावेच्या टोकाला बसून पाण्यात पाय सोडून.

राधाकिशनला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "हळद चाललीय. उद्या बघू. गावचं इथं काढायचं न्हाई, ठरलंय ना?"

ठरलं होतं. ऊन उतरत होतं, उजेड चांगला होता. मी परत नावेत चढलो.

१३ मे

लिहू की नको. लिहितो.

सकाळी हिरवळीवर नाश्ता. मेव्हण्यानं मोबाइल पुढं केला. "दाजी, हे बघा. फिरायला लागलंय."

फोटो. मी साहेबांच्या खांद्यामागं उभा होतो. आधी फोटो कुणाचा ते ओळखलं — गुडघ्यावर बसून, खालून घेतलेला. शहादेव असाच घेतो. जवळ जाऊन काढावा लागला असणार, लांब लेन्स माझ्याकडं. छावणी कार्यालयाचं बंद फाटक. समोर उन्हात बसलेल्या बाया, प्रत्येकीच्या हातात मोकळं दावं. सगळ्यात पुढं आई. तोंड उघडं, काहीतरी ओरडतेय. दात किती कमी राहिलेत तिचे.

साहेबांनी फोटो मोठा करून बघितला. "ही पुढची म्हातारी कोण? चौसाळ्याच्या बाजूची दिसते." मग वळले. "सिदू, तुझ्या गावची का रे?"

"ओळखत नाही साहेब."

पटकन आलं तोंडातून. कुणी धमकावलं नव्हतं. साहेब रागावलेही नव्हते, नुसतं विचारत होते. भीती वाटली असं लिहिलं तर स्वतःला बरं वाटेल. पण भीती नव्हती. सगळ्या पाहुण्यांपुढं, त्या टेबलापाशी, ती माझी आई असायला नको होती. एवढंच होतं.

राधाकिशननं माझ्याकडं बघितलं. मी कॅमेऱ्याचं झाकण चोळत राहिलो.

साहेबांनी हातातला टोस्ट खाली न ठेवता फोन लावला. "चारा उतरवून घे. सही आल्यावर करतो." संपलं! एवढंच लागत होतं. काल नावेत मी सांगितलं असतं तर कालच झालं असतं.

"चला, मुलगी तयार झाली असंल," म्हणाले. "फोटो चांगले आले पाहिजेत बरं का."

चांगले आले.

१४ मे

लग्न झालं. जेवण गेलं नाही.

१६ मे

घरी. पल्लवीनं दप्तर तपासलं. "कर्कटक कुठंय?" म्हणालो, पुण्यात पडलं असेल. "चिंचोके पण?" चिंचोके होते, ते दिले.

दुपारी लेन्स परत द्यायला गेलो. शहादेवनं विचारलं, "निघाली का बुरशी?"

"निघाली."

त्यानं काचेतून बघितलं. "आता लई साफ दिसतंय." थट्टा होती की खरंच, कळलं नाही. म्हणाला, "तू नव्हतास, म्हणून आईचा फोटो मला काढावा लागला. राग मानू नको. कुणीतरी काढायला पाहिजे होता."

मी म्हणालो, चांगला काढलास. हे मात्र खरं बोललो.

१७ मे

छावणीत गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवली. आई बैलापुढं ऊस टाकत होती. मला बघून हात पुसले.

"आलास? पाणी प्यालास का तिथं?"

"प्यालो."

"साहेबानं चारा धाडला बग. फोटू बगून धाडला म्हणं."

"आई, मी—"

"ते पेंडीचं पोतं तेवढं आत सरकव. माज्यानं न्हाई होत."

सरकवलं. मग दुसरं. मग टँकर आला आणि ती घागर घेऊन पळाली. पुण्याबद्दल तिनं आणखी एक अक्षर विचारलं नाही. मला बरंच वाटलं! काय माणूस आहे मी.

१९ मे

पेंड घेऊन गेलो तर आई गायीला पाण्यावर घेऊन गेली होती. चंद्रभागाबाईंनी मला त्यांच्या ताडपत्रीत बोलावलं. म्हणाल्या, तुझ्या आईनं सांगू नको म्हणून शपथ घातलीय, पण माझ्यानं राहवंना.

चारा सुटला त्या दुपारी राधाकिशनचा फोन आला होता, मॅनेजरच्या मोबाइलवर. म्हातारीला द्या म्हणाला. आईला ऐकू येत नाही म्हणून स्पीकर लावला. मोबाइल चंद्रभागाबाईंनीच धरला होता. भोवती सगळी छावणी.

"पुढं बसलेल्या तुमीच ना? इथं साहेबाबरोबर जो फोटोवाला सिदू हाय, तो तुमचा पोरगा हाय म्हणत्यात. तो म्हणतो, ओळखत न्हाई. खरं काय ते सांगा."

आईनं त्यांचा हात आपल्याकडं ओढला म्हणे. मग मोबाइलला तोंड लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली —

"त्यो खरं बोलतोय. माजा पोरगा पुण्याला गेलाय."