डाळिंबाजवळची केबल

प्रिय चिऊ,

तुझ्या आणि तुझ्या छकुलीच्या खोलीचं काम थांबलंय. घर जागेवर आहे, घाबरू नकोस. आई फोनवर "विटा आल्या नाहीत" म्हणाली असेल, तर ती तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. खरं काय ते मी लिहितो.

खोलीचा पाया खणायचा, तर अंगणाखालून विजेची केबल जाते. फाटकाशी ती हिरवी लोखंडी पेटी आहे ना, तुझी आई जिला 'न जाणारा पाहुणा' म्हणते, तिथून निघून ती जमिनीखालून मीटरपर्यंत येते. वायरमन म्हणाला, काका, एक दिवस कळ काढा, केबल शोधायचं यंत्र घेऊन येतो. मी हसलो. म्हटलं, यंत्र कशाला, मी उन्हात उभा राहून पुरून घेतलीये. डाळिंबाला वळसा घालून भिंतीच्या कडेने जाते, अंगणाच्या मध्यात खुशाल खणा. इतकं लख्ख दिसत होतं मला. ओली माती, चरात उतरणारी काळी केबल, आणि तू फ्रॉकच्या ओच्यात गळलेली लाल फुलं भरतेयस. वर, माझी आठवण किती पक्की ते पटवायला, मी त्याला पाचवीतली एक कविता चालीवर म्हणून दाखवली, एक कडवं न गाळता. बिचाऱ्याने मान डोलावली आणि गड्याला खणायला लावलं.

मधोमधच कुदळ केबलवर बसली. फट्ट आवाज, निळा जाळ, आणि गडी मागे फेकला गेला. दांडा लाकडी होता म्हणून वाचला. तळहाताला फोड आलेत. दवाखान्यातून येऊन तो मलाच म्हणतो कसा, आजोबा, तुम्ही बसा, आधी पाणी प्या.

वायरमनने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तो नुसतं विचारत राहिला, काका, डाळिंब कुठंय? मी अंगणभर शोधलं गं. शेवटी तुझी आई दंडाला धरून हळूच म्हणाली, अहो, डाळिंब त्या भाड्याच्या घरी होतं. इथली केबल आपण राहायला यायच्या आधीच पुरलेली होती. एरवी 'कविता तोंडपाठ, घर भुईसपाट' म्हणून चिडवायची मला. त्या दिवसापासून एक टोमणा मारलेला नाही, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

विसरलो असतो तर कुणाला तरी विचारलं असतं. मला तर सगळं आठवत होतं. चिऊ, छकुलीला शाळेतून रोज मी घेऊन येईन, असं तुला कबूल केलंय. आईचे गुडघे चार पावलांत धरतात, म्हणून तू माझ्यावर विसंबलीस. तो शब्द मागे घ्यायला हे पत्र. शाळेचा रस्ता मला पाठ आहे. पिठाच्या गिरणीवरून डावीकडे, मग पुलाखालून सरळ. पण ती छकुलीची शाळा की तुझी, हे तुझ्या आईला विचारायचा धीर होत नाही. तू दुसरं कुणी बघ.

तुझाच, आणि हे आज नक्की ठाऊक असलेला,
बाबा