टाके घातलेलं पाकीट

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि. (खरंच आडवा पडून लिहितोय.)

बुटांच्या कारखान्यात चिकटलो. खरोखरच चिकटलो म्हण, कारण काम तळवे चिकटवायचंच आहे. ज्याला तू शिवणाच्या टेपने खुर्चीला बांधून पाढे शिकवायचीस, तो आता दिवसभर एका स्टुलावर बसतो. हसू नको. शेजारचा लंबू म्हणाला, चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्यात जरा नाक घाल, दिवस कधी सरला कळणार नाही. खरंच कळत नाही. डोकं पिसासारखं होतं, मुकादमसुद्धा देखणा दिसतो. भूक मेली, म्हणजे स्वयंपाकाची कटकटही गेली. फायदाच फायदा!

लोभ ठेव, उपदेश आवर.
तुझा,
वळवळ्या

ता. १३ जानेवारी

चि. वळवळ्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पाकीट उघडायला मला दुकानातली मोठी कात्री लागली. तरी शेवटची ओळ पाकिटालाच चिकटून फाटली. कागदाला असा उग्र वास की गिऱ्हाइकं नाक धरून बसली. तुझा उलटा 'ळ' मी आयुष्यभर वाचत आलेय रे. पण आता तुझ्या ओळीच कागदावरून घसरून पडतात.

कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या नर्सबाईंना विचारलं. म्हणाल्या, हा वास मेंदू कुरतडतो. हात थरथरतात, आठवण जाते, आणि कधी कधी एकदाच हुंगलं तरी हृदय बंद पडतं. मुकादम देखणा दिसतो म्हटल्यावर मात्र म्हणाल्या, अगं बाई, म्हणजे बरंच पुढे गेलंय!

शिलाईवर बदली माग. बटण लावायला मीच शिकवलंय तुला. पुढचं पाकीट असं चिकटवलंस तर न फोडता परत धाडीन.

वाट बघते, रागासकट.
ताई

ता. २० मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. या खेपेला बसून, शुद्धीत.

परत धाडलंसच की! वर लिहिलंस, घेणारी घरी आहे, पाठवणारा शुद्धीवर नाही. पोस्टमनने ते अख्ख्या खोलीला वाचून दाखवलं. चिडून पाकीट फोडलं, तर माझंच अक्षर मला लागेना.

त्याच आठवड्यात लंबू जिन्यात कोसळला. दवाखान्यात भेटायला गेलो तर मलाच विचारतो, कोण पाहिजे. म्हटलं, लंबू पाहिजे. म्हणाला, इथे त्या नावाचं कोणी नाही.

मग मुकादमाला सगळं सांगून टाकलं. (शुद्धीत मुळीच देखणा नाही.) त्याने आधी शिव्या दिल्या, मग डॉक्टरांकडे नेलं, मग शिलाईच्या मशीनवर बसवलं. सुरुवातीला हात असे कापायचे की बुटाबरोबर माझी बाहीही शिवली गेली. भूक मात्र अशी परतलीये की खोलीतले सगळे आपापली ताटं उचलून दूर बसतात.

लोभ आहेच तुझा, तो कान पिळण्यापुरता ठेवू नकोस.
तुझा,
वळवळ्या

ता. क. पत्राला उशीर का, ते पाकीट बघ. डब्याला नाक लावलं नाही त्या दिवसाला एक टाका, आणि पाकिटाचं तोंड बंद व्हायला लागतात सतरा. कडेला रिकामी भोकं दिसतील. तिथे नऊ झाले होते, दहाव्या दिवशी डब्याकडे गेलो. सगळे उसवले, पहिल्यापासून घातले. वाकडे आहेत, पण सतरा आहेत. उसवू नकोस, बाजूने काप.