ट्रेलर पाणसळीत बसवल्याची हकीकत

समता कॉलोनी, रायपूर
दि. १८ मे

तीर्थस्वरूप नाना यांच्या चरणी धाकट्या विमलचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? (तेल लावता की नुसते बाटलीकडे पाहता, ते वहिनी मला सांगतात.) आम्ही दोघे ठीक आहोत. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे. आधी पूर्ण वाचा, मग काय हसायचे ते हसा.

ह्यांनी निवृत्तीनंतर भनपुरीतल्या एका बॉडी बांधणाऱ्याकडून मोटारीमागे ओढायचा ट्रेलर करवून घेतला, हे तुम्हाला ठाऊक आहे. आत दोन बाकडी, एक शेगडी, आणि संडास म्हणून दाखवलेले एक कपाट. बेत असा की इथले घर अभिनव आणि सूनबाईला देऊन आपण उरलेले आयुष्य चाकांवर काढायचे. या घराची प्रत्येक वीट मी उभी राहून लावून घेतलेली. तरी मी भांडले नाही. अट घातली. ट्रेलर एका जागी उभा करा, मी आत परातीत पाणी ठेवीन. दिवेलागणीपर्यंत ते एका काठाला गेले नाही, तर घर सोडायला मी तयार. गेले, तर ट्रेलर विकायचा. हे लगेच ‘हव’ म्हणाले. (मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून ह्यांना परातीतली पाण्याची कड दिसत नाही, तेव्हा निकाल मीच देणार होते. धरणाच्या नकाशांच्या कचेरीत मी तेहेतीस वर्षे पातळ्यांची वाचने तपासली. चुकीच्या आकड्यावर माझी सही नाही, एवढा माझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे.)

गेल्या रविवारी आम्ही एका धरणाच्या काठी गेलो. तिथे पर्यटकांसाठी तंबू ठोकण्याची जागा केली आहे आणि भैय्यालाल नावाचा चौकीदार आहे. जमीन दाराकडच्या अंगाला चार बोटे खाली. ह्यांनी त्या चाकाखाली विटा घातल्या. त्यांचा भुगा झाला. फळी घातली, ती मऊ जमिनीत गेली. मी ‘मागे घ्या’ म्हटले की हे पुढे घेत आणि वर विचारत, ‘विमल, तू माले हात दाखवून राहिली का माश्या हाकलून राहिली?’ तासाभराने भैय्यालाल पाण्याच्या कडेहून एक लांब, सपाट दगड ओढत घेऊन आला. चाक त्यावर चढले, दगडाचे दुसरे टोक बरोबर दारापुढे पायरीसारखे राहिले, आणि पाणसळीचा बुडबुडा मधोमध येऊन थांबला. मग चारही कोपऱ्यांचे लोखंडी पाय आवळले. हत्तीने धक्का दिला तरी हलू नये, असे.

पायरी पुसायला मी खाली वाकले तर दगडात दाराचा खुंट फिरण्याचा खळगा. भैय्यालालला विचारले. ‘ये तो सेमरपारा के चौखट आय दीदी. गर्मी मा पानी उतरथे, त निकल आथे.’ एवढे सांगून तो ह्यांच्याबरोबर लाकडे आणायला गेला.

नाना, सेमरपारा हे गाव मला माहीत होते. या धरणाचे पाणी कुठवर चढेल ती निळी रेघ मी ओढली होती, आणि सेमरपारा रेघेच्या आत होते. रेघ बरोबर होती. पाणी नेमके तिथवरच आले.

आता कुणाच्या घराच्या उंबरठ्यावर आपण चाक चढवलेले. आपल्याकडे उंबरठा पुजल्याशिवाय सकाळी चूल पेटत नाही. सवयीने मी तो धुतला, हळदकुंकू वाहिले, दोन बोटे रांगोळी ओढली, आणि आत येऊन परातीसमोर बसले. (इथपर्यंत माझे काही चुकले असे मला वाटत नाही.)

ट्रेलरमध्ये कुणी चढले की तो आधी दाराकडे दबतो, मग माणूस आत सरकेल तसा आतल्या अंगाला. हे तुम्हाला नीट समजले पाहिजे. दुपारचे चार वाजले होते, स्वच्छ ऊन होते, दार उघडे होते आणि दारात कुणी नव्हते. परातीतले पाणी दाराकडच्या काठाला गेले. थांबले. मग हळूहळू मागच्या काठाला गेले आणि तिथेच राहिले. मी उठून लोखंडी पाय तपासले. घट्ट होते. परत येऊन बसते तो पुन्हा दाराकडे, पुन्हा मागे. असे पाच वेळा. मी मोजले. पाच आत आले. बाहेर कुणी गेले नाही. मागच्या भिंतीलगत ओल्या मातीचा वास येत होता. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, म्हणून मी ओरडले नाही. पदर सारखा केला आणि पाय जवळ घेतले, त्यांना जागा व्हावी म्हणून.

दिवेलागणीला हे आले. परातीजवळ वाकले, डोळे बारीक केले, काही दिसले नाही.

‘बोल विमल. पाणसळीत हाय का नाही?’

पाणी दोन बोटे मागच्या काठाला होते. ‘नाही’ म्हटले असते तर माझे घर वाचले असते. मग ह्यांनी मोटार काढली असती, भैय्यालालने चाकाखालचा दगड ओढून पुन्हा पाण्यात टाकला असता. त्यांच्याच उंबरठ्यावरून मी त्यांना दुसऱ्यांदा उठवले असते.

‘आहे,’ मी म्हटले. ‘अगदी पाणसळीत आहे.’

त्या क्षणी परातीतले पाणी थरथरले. हे आनंदाने टाळी वाजवत होते, त्याने असेल.

घराचे कागद अभिनवच्या नावे तयार होत आहेत. मला समजवायला येऊ नका. वहिनींना नमस्कार.

तुमची,
विमल

ता. क. १. पत्र लिहिण्याचे मूळ कारण राहिलेच. तुमच्या माळ्यावर आईचे जेवायचे पाट पडून आहेत. त्यांतले पाच कुणाबरोबर तरी पाठवा. आम्ही दोघे बाकड्यावर बसतो. इतरांना खाली बसवायचे ते नुसत्या पत्र्यावर, हे मला पटत नाही.

ता. क. २. वर पाच लिहिले, ते माझे वाचन चुकले. आमचे बोलणे झाल्यावर आणखी एकदा पाणी दाराकडे गेले, पण इतके थोडे की मी ते टाळीने थरथरले असे समजले. एक लहान पाटही पाठवा.